धम्माच्या वाटेची पूर्वतयारी : धर्मानंद कोसंबी



पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर कधी क्षणभर थांबून पाहा. तेथून दोन मोठे रस्ते फुटतात. एक खोपोलीवरून बोरघाट चढून कार्ल्याच्या लेण्यांकडे जातो. दुसरा पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव असा करीत महाडला जातो. याच महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आणून दिले. महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणीही आहेत. म्हणजे आपल्या गावाच्या वेशीवरून निघणाऱ्या या दोन्ही वाटा धम्माच्याच वाटा आहेत.

समजा, आपल्यापैकी एखाद्या तरुणाने ठरविले की, पनवेलहून एकट्याने पायी महाडला जायचे. सुमारे सव्वाशे किलोमीटरची वाट. निघण्याआधी तो काय करील ? चपला पाहील, पिशवी भरील, कुठे मुक्काम करायचा ते विचारून घेईल, घरच्यांना समजावील. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत राहील. मी जातो आहे, पण तेथे जाऊन मला काय मिळवायचे आहे ? या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले नाही त्याचे पाय महाडला पोचतात, पण तो स्वतः पोचत नाही.

हाच गोव्याचा रस्ता महाडच्याही पुढे कोकणातून खाली उतरत गोव्यात शिरतो. जुवारी नदी ओलांडून कुठ्ठाळीला पोचले की तेथून थोड्याच अंतरावर साखवाळ नावाचे गाव आहे. आज ज्यांची हकिगत आपणांस सांगायची आहे ते धर्मानंद दामोदर कोसंबी याच गावचे. धम्माच्या शोधात एकट्याने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत गेलेला हा माणूस. त्यांच्या प्रवासाविषयी आपण बरेच ऐकले असेल. पण निघण्यापूर्वी त्यांनी काय सोसले आणि कशी तयारी केली, हा भाग आपल्यासारख्या नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना अधिक उपयोगी आहे, म्हणून त्यावरच भर देतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, चरितार्थ नारळीच्या बागेवर. गावात शिक्षणाची सोय जेमतेम. त्यामुळे रीतसर शाळा त्यांना फार थोडी लाभली. घरात बोली कोकणी. मराठी वाचनाची गोडी त्यांनी स्वतःच लावून घेतली आणि मिळेल ते पुस्तक वाचून काढले. १८९१ मध्ये बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. त्यानंतर बाग, नारळ, घरचा व्यवहार आणि नातीगोती असे चारचौघांसारखे आयुष्य त्यांच्यापुढे होते. कोणी म्हटले असते की, हा मुलगा पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठात जाऊन पाली ग्रंथांचे संपादन करील, तर साखवाळच्या लोकांनी हसून सोडून दिले असते.

वीस-एकवीस वर्षांचे असताना त्यांच्या हातात 'बालबोध' मासिकाचा एक अंक आला. विनायक कोंडदेव ओक हे मासिक मुलांसाठी चालवीत. त्यात भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र होते. लहान मुलांसाठी लिहिलेला तो लेख, पण त्याने या तरुणाच्या मनाचा ठाव घेतला. हाच आपला गुरू, याचेच ज्ञान आपल्याला हवे, असे त्यांना वाटले आणि ते वाटणे पुढे कधी ओसरले नाही.

येथे थोडे थांबा आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. याच सुमारास, १८९८ साली, कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' प्रसिद्ध झाले. पुढे भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकर गुरुजींनी तेच पुस्तक त्याच्या हाती दिले. गोव्यातला एक तरुण आणि मुंबईच्या चाळीतला एक विद्यार्थी. दोघांनाही बुद्ध प्रथम भेटले ते साध्या मराठी छापील पानातून. म्हणून घरात एखादे पुस्तक आणले, एखादे पाक्षिक घेतले, तर तो पैसा वाया गेला असे समजू नका. कोणत्या घरातले कोणते पोर ते उचलून वाचील, हे आज कोणी सांगू शकत नाही.

आता धर्मानंदांची अडचण पाहा. इच्छा झाली, पण वाट कोण दाखविणार ? गावात बौद्ध नव्हता, विहार नव्हता, भिक्खू नव्हता. पाली भाषेचे ग्रंथ देवनागरी लिपीत जवळजवळ नव्हतेच. युरोपात छापलेले ग्रंथ रोमन लिपीत होते, आणि धर्मानंदांना इंग्रजी येत नव्हते. संस्कृत येत नव्हते. हाती पैसा नव्हता. घरी वडील थकत चालले होते. ज्या देशात बुद्धांनी उपदेश केला त्याच देशात बुद्धाचा उपदेश शिकविणारा माणूस शोधायला कोठे जावे, हे सांगणारे कोणी भेटत नव्हते. चातुर्वर्ण्याच्या पुरस्कर्त्यांनी धम्म या भूमीतून किती खोलवर उखडून टाकला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा ?

ती वर्षे त्यांनी तळमळत काढली. घर सोडण्याचा प्रयत्न त्यांनी पूर्वीही केला होता, पण तो तडीस गेला नव्हता. परत यावे लागले होते. गेलेला माणूस परत आला की गाव काय म्हणते ते आपल्याला माहीत आहे. दीक्षा घेतल्यावर देव्हारा काढला आणि पुढल्या सणाला शेजाऱ्यांच्या धाकाने पुन्हा मांडला, असे आपल्याकडेही काही घरांत झाले आहे. अशा माणसांना नुसते हिणवू नका. धर्मानंदही मागे फिरले होते. फरक इतकाच की, परत आल्यावर त्यांनी शोध सोडला नाही. आपण कशात कमी पडलो हे त्यांना कळत गेले. नुसत्या ओढीने माणूस दाराबाहेर पडतो, पण पुढे टिकण्यासाठी विद्या लागते. आधी संस्कृत शिकायचे, त्याच्या आधाराने पाली गाठायची आणि मग बुद्धाचा उपदेश मुळातून वाचायचा, असा क्रम त्यांच्या मनाशी ठरत गेला.

१८९८ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षी माणिक नावाची कन्या जन्मली. आणि १८९९ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, धर्मानंदांनी घर सोडले ते पुण्याच्या रोखाने.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला आणि संस्कृतचा श्रीगणेशा झाला. पण पुण्यात फार दिवस थांबणे त्यांना जमले नाही. ते ग्वाल्हेरवरून काशीला गेले. काशीत पुढची सुमारे दोन वर्षे त्यांनी शास्त्र्यांपुढे बसून संस्कृत व्याकरण घोकले. अंगावर जेमतेम कपडे, पोट अन्नछत्रावर. चोविशी उलटलेला, एका मुलीचा बाप असलेला हा माणूस कोवळ्या पोरांच्या रांगेत बसून पाठ म्हणत होता. त्यांची खरी पूर्वतयारी ती हीच.

मात्र एक गोष्ट आपण स्पष्ट बोलली पाहिजे. काशीचे ते अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. धर्मानंद ब्राह्मण घरात जन्मले म्हणून त्यांना तेथे पानावर बसता आले. त्याच साली एखादा महार तरुण बुद्धाच्या शोधात काशीला गेला असता, तर त्याला पान तर सोडाच, पाणीही मिळाले नसते आणि कोणा शास्त्र्याने त्याला व्याकरण शिकविले नसते. धर्मानंदांची धडपड खरी होती, तिला आपण मान देतो. पण ज्या दारातून ते आत गेले ते दार आपल्या बापजाद्यांना बंद होते. म्हणूनच आपल्यासाठी वाट काढायला बाबासाहेबांना महाडचे तळे आणि नाशिकचे मंदिर अशा दारांवर धडका द्याव्या लागल्या. आज आपल्या मुलांना पाली शिकायची असेल तर शाळा-महाविद्यालयांचे दार उघडे आहे. त्या दारातून आत न जाणे हा आता आपलाच दोष ठरेल.

काशीत असताना धर्मानंदांचे डोळे लागले होते ते नेपाळकडे. तेथे बौद्ध धर्म अजून जिवंत आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. भगवंतांच्या जन्मभूमीच्या त्या प्रदेशात आपल्याला गुरू भेटेल, ग्रंथ मिळतील, अशी आशा त्यांनी दोन वर्षे उराशी बाळगली. १९०२ च्या आरंभी एका नेपाळी सहाध्यायाच्या सोबतीने ते निघाले. तराईचे जंगल ओलांडून, डोंगर चढून काठमांडूच्या खोऱ्यात उतरायचे, अशी ती वाट. समुद्रकाठच्या माणसाला हिमालयाच्या पायथ्याची थंडी कशी लागत असेल, याची कल्पना करा.

आणि तेथे काय आढळले ? स्तूप होते, मूर्ती होत्या, पूजाअर्चा होती. पण बुद्धाचा उपदेश समजावून सांगणारा, शील शिकविणारा कोणी भेटला नाही. ज्या आशेवर एवढी वर्षे काढली ती आशा तेथे पोचताच कोसळली.

वाचकहो, या ठिकाणी दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. मी केली खटपट, आता माझ्या हातात काही नाही, असे त्याने जगाला सांगितले असते. धर्मानंद बुद्धगयेला गेले. तेथे एका भिक्खूकडून त्यांना कळले की, धम्माचा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. ते कलकत्त्याला महाबोधी सभेत गेले, तेथून मद्रासमार्गे कोलंबोला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपुढे त्यांनी १९०२ मध्येच श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. साखवाळच्या नारळीच्या बागेत लागलेली तहान भागायला पाच वर्षे आणि अर्धा देश लागला.

नेपाळमध्ये निराशा होऊनही ते का टिकले ? पूर्वतयारी होती म्हणून. त्यांनी मूर्ती पाहायला घर सोडले नव्हते, उपदेश समजून घ्यायला सोडले होते. आपल्याला नेमके काय हवे ते ठाऊक असल्यामुळे जे मिळाले ते ते नव्हे, हे त्यांना ओळखता आले. दर्शनासाठी गेलेला माणूस काठमांडूहून समाधानाने परतला असता.

त्यांच्याही साडेबाराशे वर्षे आधी चीनमधून एक तरुण भिक्खू असाच निघाला होता. त्याचे नाव ह्युएन त्संग. भारतात जाण्याची परवानगी राजदरबाराने नाकारली तेव्हा त्याच्याबरोबरचे मागे हटले. तो मात्र थांबून राहिला, परदेशी लोकांकडून भाषा शिकला, शरीराला हालअपेष्टांची सवय लावून घेतली आणि मग बादशहाचा हुकूम मोडून एकटाच वाळवंटात शिरला. वाटेत पाण्याची पखाल सांडली, तरी त्याने मागे पाऊल घेतले नाही. पुढे तो नालंदेत शिकला आणि आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. काळ वेगळा, देश वेगळा, पण दोघांची शिदोरी एकच. भाषा, सहनशक्ती आणि आपल्याला काय हवे याची स्वच्छ जाणीव.

धर्मानंदांची पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. सिंहलचा आहार त्यांना मानवला नाही. ते ब्रह्मदेशात गेले, तेथे भिक्खू झाले, ध्यानाचा अभ्यास केला आणि भारतात परतून बौद्ध तीर्थस्थळांची यात्राही त्यांनी केली. १९०६ मध्ये चीवर उतरवून ते गृहस्थाश्रमात आले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. नंतर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एकच, महाराष्ट्रात राहून काम करायचे. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंद मराठी मुलखात आले. १९१० ते १९१२ ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमार्गाच्या संपादनाच्या कामी राहिले. त्यानंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक. पुढे अहमदाबाद, पुन्हा अमेरिका आणि रशियातील लेनिनग्राड. राजकारणात ते गांधीजींच्या बाजूचे होते, १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. त्या बाबतीत आपली वाट वेगळी. पण १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा राहिला तो त्यांच्याच पुढाकाराने. दलित आणि श्रमिक माणसाच्या दारात बुद्ध न्यावा, हा त्यामागचा हेतू होता. 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. नागपूरची दीक्षाभूमी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता या चरित्राची दुसरी बाजू. आपल्या माताभगिनी हे वाचत असतील तर त्यांच्या मनात केव्हापासून एक प्रश्न उभा असेल. बाळाबाईंचे काय ? धर्मानंद निघाले तेव्हा मुलगी तान्ही होती. ते १९०६ मध्ये परतले, म्हणजे मधे जवळजवळ सात वर्षे गेली. नवरा घर सोडून गेलेल्या बाईला त्या काळच्या समाजात कसे दिवस काढावे लागत, हे सांगायला नको. धर्मानंदांनी पाठीवर पिशवी घेतली, पण संसाराचे ओझे मागे बाळाबाईंच्या डोक्यावर राहिले. हा हिशेब आपण झाकून ठेवू नये. धर्मानंदांनी तो नंतर काही अंशी फेडला. मुलीला आणि मुलाला घेऊन ते अमेरिकेत गेले आणि त्यांना शिकविले. १९०७ मध्ये जन्मलेला तो मुलगा म्हणजेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले दामोदर कोसंबी. पण ती सात वर्षे बाळाबाईंना परत मिळाली नाहीत.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाविषयी लिहिताना धर्मानंदांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून मध्यरात्री घर सोडल्याची प्रचलित कथा इतिहास म्हणून स्वीकारली नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ती कथा नाकारली. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ यशोधरेला झोपेत सोडून जात नाही. तो तिच्याशी बोलतो आणि ती त्याला धीर देते. नव्याने बौद्ध झालेल्या घराने हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. धम्माच्या वाटेला लागायचे तर घरातल्या बाईला अंधारात ठेवून लागू नये. तिच्याशी बोलणे हीसुद्धा तयारीच आहे. आणि बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म घर सोडून डोंगरात जाण्याचा नव्हे, घरात राहून आचरण्याचा आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून चालायची ही वाट आहे.

बाबासाहेबांची स्वतःची तयारी आठवा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षे गेली. लाखो माणसे ज्यांच्या शब्दाची वाट पाहत होती त्यांनी एकवीस वर्षे वाचले, तपासले, निरनिराळे धर्म तोलून पाहिले. आपल्याला मात्र दीक्षा एका दिवसात मिळाली. तेव्हा जी तयारी त्यांनी दीक्षेपूर्वी केली ती आपल्याला दीक्षेनंतर करायची आहे.

ही तयारी अवघड नाही. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असेल तर त्यातील एकेका पाली शब्दाचा अर्थ मुलांना विचारा. तुम्हाला येत नसेल तर दोघे मिळून शोधा. चोविशी उलटलेले धर्मानंद पोरांच्या रांगेत बसून शिकले, तर आपल्याला चाळिशीत आपल्या मुलीकडून शिकायला लाज कसली ? आठवड्यातून एक संध्याकाळ घरात ग्रंथवाचनासाठी ठेवा. आणि महाडला किंवा कार्ल्याला निघायचे असेल, पायी किंवा एस. टी. ने, तर निघण्याच्या आधी महिनाभर त्या ठिकाणाविषयी वाचा. महाडला काय घडले, लेणी कोणी आणि कोणासाठी कोरली, हे घरातल्या सर्वांना माहीत होऊ द्या. मग तेथे पोचल्यावर नुसता दगड आणि पाणी दिसणार नाही.

पळस्पे फाट्यावरून कोणी पोर एकट्याने निघाले, तर त्याची पिशवी आपण भरून द्याल यात शंका नाही. भाकरी द्या, पाणी द्या. पण निघायच्या आदल्या रात्री त्याला जवळ बसवून विचारा की, बाळा, तेथे जाऊन तुला काय मिळवायचे आहे ? उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. धर्मानंदांना ते शोधायला वर्षे लागली. पण प्रश्न बरोबर घेऊन निघालेला माणूस काठमांडूतून रिकामा परतला तरी कोलंबोला पोचतो, हे त्यांच्या चरित्राने दाखवून दिले आहे.

जयभीम ! नमो बुद्धाय !